२^६४ − १ : एका वीस अंकी संख्येच्या अभ्यासाच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

या प्रकल्पासाठी निवडलेली संख्या १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ ही आहे. ती २ च्या ६४ व्या घातापेक्षा एकने लहान आहे. पुढील नोंदींमध्ये ^ हे चिन्ह घातासाठी वापरले आहे, आणि २^६४ − १ या संख्येला सोयीसाठी ‘स’ असे अक्षर दिले आहे.

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा ठेवून पुढच्या प्रत्येक घरात दुप्पट दाणे ठेवत गेल्यास ६४ घरांतील दाण्यांची बेरीज स इतकी होते, हे बहुतेकांना ठाऊक असते. फ्रेंच गणितज्ञ एदुआर्द ल्युका यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हॅनोईच्या मनोऱ्याच्या कोड्यात ६४ चकत्या घेतल्या, तर किमान चालींची संख्याही हीच येते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’मध्ये स्थानांची जी अठरा नावे दिली आहेत, त्यांतील शेवटचे परार्ध म्हणजे १०^१७ होय, स त्याच्या १८४ पटींहून मोठी आहे.

तथापि केवळ मोठेपणासाठी ही संख्या निवडलेली नाही. वीस अंकी संख्या सहजगत्या उचलली, तर तिच्याविषयी हाती कागद-पेन्सिल घेऊन फारसे काही सांगता येत नाही. स मात्र आपल्या अंकांमधून नव्हे, तर ६४ या घातांकामधून ओळखली जाते, आणि तो घातांक स्वतः २ चा घात असल्यामुळे तिचे जवळजवळ सर्व गुणधर्म हाताने सिद्ध करता येतील असे मला वाटते. त्यामुळे प्रत्येक विधानाची सिद्धता आधी लिहायची आणि संगणकाचा उपयोग फक्त पडताळ्यासाठी करायचा, अशी पद्धत ठरवली आहे.

८ जानेवारी

पडताळ्याच्या साधनांविषयी एक तांत्रिक नोंद. ६४ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या स हीच आहे. द्विमान पद्धतीत ती ओळीने ६४ एकांनी लिहिली जाते, आणि तिच्यात १ मिळवला की त्या प्रकारात उत्तर ० येते. दशांशचिन्हाच्या नेहमीच्या ६४ बिटी प्रकारात तर फक्त ५३ बिटांची अचूकता असल्याने स साठवताच तिचे २^६४ होते. म्हणून सर्व पडताळे कितीही अंकांचे पूर्णांक अचूक हाताळणाऱ्या भाषेतच करायचे आहेत.

११ जानेवारी

अवयव पाडण्याचे काम शाळेतील वर्गांतराच्या सूत्राने सुरू होते. २^६४ हा २^३२ चा वर्ग आहे, म्हणून स = (२^३२ − १)(२^३२ + १). यातील पहिला कंस पुन्हा वर्गांतर आहे, त्याचा पहिला कंस पुन्हा वर्गांतर आहे, आणि ही उतरंड २ − १ = १ येईपर्यंत चालते. शेवटी हाती येते ते असे:

स = ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७

हे सहा गुणक म्हणजे पहिल्या सहा फर्मा संख्या आहेत. त्यांना फ(०) ते फ(५) म्हणू. फ(क) म्हणजे २ चा २^क वा घात अधिक १. फ(६) = २^६४ + १ असल्यामुळे वरचे समीकरण फ(०) × फ(१) × … × फ(५) = फ(६) − २ असेही वाचता येते, आणि हाच नियम प्रत्येक पायरीवर लागू आहे: कोणतीही फर्मा संख्या तिच्या आधीच्या सर्व फर्मा संख्यांच्या गुणाकारापेक्षा दोनने मोठी असते. यावरून एक महत्त्वाची गोष्ट लगेच मिळते. दोन फर्मा संख्यांचा एखादा सामाईक विभाजक असेल, तर त्याने २ ला भाग जायला हवा; पण या सर्व संख्या विषम आहेत, म्हणून तो विभाजक १ च असणार. म्हणजे कोणत्याही दोन फर्मा संख्या सहमूळ असतात. हा युक्तिवाद गोल्डबाख यांनी १७३० मध्ये ऑयलर यांना लिहिलेल्या पत्रात आहे. त्यातून मूळ संख्या अनंत असल्याचेही सिद्ध होते, कारण प्रत्येक फर्मा संख्या निदान एक नवी मूळ संख्या घेऊन येते. इतक्या थोड्या शब्दांत इतके मोठे फलित देणारे युक्तिवाद विरळा.

३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या मूळ संख्या आहेत. सहाव्या गुणकासाठी वेगळी नोंद लागेल.

१६ जानेवारी

फर्मा यांनी १६४० च्या सुमारास आपल्या पत्रांमध्ये असा विश्वास व्यक्त केला होता की या प्रकारच्या सर्व संख्या मूळ असाव्यात. ऑयलर यांनी १७३२ मध्ये दाखवले की फ(५) ला ६४१ ने भाग जातो. ४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७ हा गुणाकार आज कोणीही पडताळून पाहू शकतो; खरा प्रश्न असा की ६४१ हा आकडा सुचतो कुठून.

समजा प ही मूळ संख्या फ(५) ची विभाजक आहे. मग २^३२ ला प ने भागल्यास बाकी −१ उरते, आणि वर्ग केल्यावर २^६४ ची बाकी १ येते. २ चे घात एकामागून एक घेऊन त्यांच्या बाक्या पाहत गेल्यास १ ही बाकी प्रथमच ६४ व्या घातावर येते: तिथवरच्या चक्राची लांबी ६४ ची विभाजक असायला हवी, आणि ती ३२ किंवा त्याहून कमी असती तर २^३२ ची बाकी −१ न येता १ आली असती. दुसरीकडे फर्मा यांच्याच लघुप्रमेयानुसार २^(प−१) ची बाकी १ असते. म्हणून ६४ ने प − १ ला भाग जातो, म्हणजे प ही ६४क + १ या रूपाची असते. ज्या संख्येबाबत फर्मा यांचा अंदाज फसला, तिच्या विभाजकांचा शोध त्यांच्याच प्रमेयाने सोपा व्हावा, याचे मला फार अप्रूप वाटते.

ल्युका यांनी १८७८ मध्ये ही अट आणखी कडक केली. प ला ८ ने भागून बाकी १ उरत असेल, तर प च्या बाक्यांच्या जगात २ हा एखाद्या संख्येचा वर्ग असतो; त्या संख्येच्या घातांचे चक्र २ च्या चक्राच्या दुप्पट, म्हणजे १२८ लांबीचे होते. म्हणून प ही १२८क + १ या रूपाचीच असली पाहिजे. आता यादी करू: १२९ ला ३ ने भाग जातो, २५७ मूळ आहे, ३८५ ला ५ ने भाग जातो, ५१३ ला ३ ने भाग जातो, आणि नंतर येते ६४१. त्यातील २५७ म्हणजे फ(३), आणि ती फ(५) शी सहमूळ असल्याचे मागील नोंदीत सिद्ध झालेच आहे. तात्पर्य, सिद्धान्त पुरता वापरला तर ४२९ कोटींहून मोठ्या या संख्येला भागून पाहण्यासाठी पहिलाच उमेदवार ६४१ हा उरतो, आणि पहिल्याच भागाकारात निःशेष भाग जातो.

भागाकार न करताही हे दाखवता येते. ६४१ = ५ × २^७ + १ आणि ६४१ = ५^४ + २^४. पहिल्या समीकरणावरून ५ × २^७ ची बाकी −१ आहे, म्हणून चौथा घात घेतल्यावर ५^४ × २^२८ ची बाकी १ येते. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ लिहिता येतो. मग −२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने भाग जातो.

१७ जानेवारी

उरलेला गुणक ६७,००,४१७ मूळ आहे की नाही, हे तपासले. त्याचा वर्गमूळ २,५८८ आणि २,५८९ यांच्या मध्ये आहे. तो संयुक्त असेल तर त्याला २,५८८ पर्यंतच्या एखाद्या मूळ संख्येने भाग जायला हवा, आणि ती संख्या फ(५) चीही विभाजक असल्यामुळे १२८क + १ या रूपाची हवी. या मर्यादेत त्या रूपाच्या वीस संख्या आहेत आणि त्यांतील मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. २५७ आधीच बाद झाली आहे. बाकीच्या चारांनी भागल्यावर अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२ या बाक्या उरतात. म्हणून ६७,००,४१७ ही मूळ संख्या आहे. सत्तर लाखांच्या आसपासच्या संख्येचे मूळपण चार भागाकारांत सिद्ध झाले; एरवी २,५८८ पर्यंतच्या शेकडो मूळ संख्यांनी भागत बसावे लागले असते.

आता संपूर्ण अवयव लिहिता येतात:

स = ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७

२२ जानेवारी

सातही मूळ अवयव वेगवेगळे आहेत, म्हणून विभाजकांची संख्या २^७ = १२८ आहे, आणि १ खेरीज कोणत्याही पूर्ण वर्गाने स ला भाग जात नाही. सर्व विभाजकांच्या बेरजेचे स शी गुणोत्तर सुमारे १.७०३४ येते. ते २ पेक्षा कमी असल्यामुळे स ही न्यून संख्या ठरते.

१ पासून स पर्यंतच्या संख्यांपैकी स शी सहमूळ किती, ही मोजणी मला अधिक बोलकी वाटली. ही मोजणी दाखवणाऱ्या ऑयलर यांच्या फलनाला φ म्हणतात. मूळ फर्मा संख्येतून १ वजा केल्यास २ चा शुद्ध घात उरतो, त्यामुळे ३, १५, २५५, ६५,५३५ आणि ४,२९,४९,६७,२९५ या संख्यांसाठी φ चे मूल्य अनुक्रमे २, ८, १२८, ३२,७६८ आणि २^३१ येते. या प्रत्येक ठिकाणी φ ची दुप्पट त्या त्या संख्येपेक्षा बरोबर एकने मोठी आहे. फ(५) मूळ असती, तर स साठीही φ चे मूल्य २^६३ आले असते आणि मालिका पुढे सरकली असती. प्रत्यक्षात ६४१ मधून १ वजा केल्यावर ५ × २^७ आणि ६७,००,४१७ मधून १ वजा केल्यावर ३ × १७,४४९ × २^७ उरतात. म्हणून φ(स) = २^४५ × ३ × ५ × १७,४४९, आणि त्याचे स शी गुणोत्तर अर्ध्याच्या किंचित खाली, सुमारे ०.४९९२ इतके येते. पाच पायऱ्या तंतोतंत चाललेला नियम सहाव्या पायरीवर एका ६४१ मुळे मोडतो.

सम बहुभुजांच्या रचनेतही नेमकी हीच सीमा दिसते. गाउस यांनी १७९६ मध्ये सम सप्तदशभुज केवळ पट्टी व कंपास यांनी काढता येतो हे दाखवले. बाजूंची संख्या विषम असेल, तर ती वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असणे आवश्यकच आहे, हे वाँत्झेल यांनी १८३७ मध्ये सिद्ध केले. म्हणून ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा सम बहुभुज तत्त्वतः काढता येतो आणि विषम बाजूंच्या ज्ञात रचनाक्षम बहुभुजांत तोच सर्वांत मोठा आहे. स बाजूंचा मात्र काढता येत नाही.

२६ जानेवारी

कोणत्या मूळ संख्यांनी स ला भाग जातो, याचा एकच निकष आहे: त्या संख्येपुरते २ च्या बाक्यांचे चक्र ६४ च्या एखाद्या विभाजकाइतके लांब असले पाहिजे. ७ साठी चक्र ३ लांबीचे, ११ साठी १० चे, १३ साठी १२ चे आहे. यांतील कोणतीही लांबी ६४ ची विभाजक नाही, म्हणून हे तिन्ही अवयव नाहीत. उलट ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ यांची चक्रे अनुक्रमे २, ४, ८, १६ आणि ३२ लांबीची आहेत, तर ६४१ आणि ६७,००,४१७ या दोघांची ६४. विभाज्यतेचा सगळा तपशील असा घातांकातच लिहिलेला आहे.

याच कारणाने १/स हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत अत्यंत सुबक दिसतो: ६३ शून्ये, मग एक १, आणि हाच ६४ अंकांचा गट अखंड आवर्ती. दशमान पद्धतीत हा नेटकेपणा राहत नाही. तिथे काय होते ते पाहण्यासाठी आधी ४,२९,४९,६७,२९५ चा व्यस्त घेतला. ५ या अवयवामुळे दशांशचिन्हानंतरचा पहिला अंक आवर्तनाच्या बाहेर राहतो. ३ चे आवर्तन एका अंकाचे आहे. १७, २५७ आणि ६५,५३७ यांच्यासाठी आवर्तनाची लांबी प − १ ची, म्हणजे २ च्या घाताची विभाजक असते. ती पूर्ण प − १ पेक्षा कमी भरण्यासाठी प च्या बाक्यांमध्ये १० हा वर्ग असावा लागेल. पण या तिघांच्या बाक्यांमध्ये २ वर्ग आहे आणि ५ वर्ग नाही, कारण तिघांनाही ५ ने भागल्यास २ उरतात आणि २ ही ५ ने भागल्यावर कोणत्याही वर्गाची बाकी नसते. म्हणून १० वर्ग नाही, आणि आवर्तने पूर्ण लांबीची, १६, २५६ आणि ६५,५३६ अंकांची आहेत. या सर्वांचा लसावि घेता ४,२९,४९,६७,२९५ च्या व्यस्ताचे आवर्तन ६५,५३६ अंकी ठरते.

६४१ ची वागणूक निराळी आहे. १०^४ ची बाकी ३८५, १०^८ ची १५४, आणि १५४ चा वर्ग २३,७१६ = ६४१ × ३७ − १ असल्यामुळे १०^१६ ची बाकी −१ येते. म्हणून १/६४१ चे आवर्तन फक्त ३२ अंकांचे आहे, आणि ६४१ हा अवयव जोडल्याने एकूण लांबीत काहीच भर पडत नाही.

२ फेब्रुवारी

वर्गांच्या बेरजा. कोणत्याही वर्गाला ८ ने भागल्यास ०, १ किंवा ४ उरतात. यांतील तीन बाक्यांची बेरीज कशीही केली तरी ७ ही बाकी मिळत नाही. स ला ८ ने भागल्यास ७ उरतात, म्हणून ती दोन किंवा तीन वर्गांची बेरीज असूच शकत नाही. चार वर्गांची मात्र आहे, कारण लाग्रांज यांच्या १७७० मधील प्रमेयानुसार प्रत्येक नैसर्गिक संख्या चार वर्गांच्या बेरजेने लिहिता येते.

त्रिकोणी संख्या आहे का, हा प्रश्न अधिक खोल निघाला. एखादी संख्या त्रिकोणी असण्यासाठी तिच्या आठपटीत १ मिळवल्यावर पूर्ण वर्ग यावा लागतो. स ची आठपट अधिक १ म्हणजे २^६७ − ७. २ च्या घातातून ७ वजा केल्यावर वर्ग कधी येतो याविषयी रामानुजन यांनी १९१३ मध्ये प्रश्न मांडला होता: घातांक ३, ४, ५, ७ आणि १५ यांखेरीज असे होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि नॉर्वेचे गणितज्ञ नागेल यांनी १९४८ मध्ये ते सिद्ध केले. ६७ त्या यादीत नाही, म्हणून स त्रिकोणी नाही. या निष्कर्षासाठी एवढ्या मोठ्या प्रमेयाचा आधार न घेता स्वतंत्र पडताळाही मिळाला. २^६७ ला १२१ ने भागल्यास १८ उरतात, म्हणून २^६७ − ७ ची बाकी ११ येते. अर्थात त्या संख्येला ११ ने भाग जातो पण ११ च्या वर्गाने जात नाही, आणि असे पूर्ण वर्गाच्या बाबतीत अशक्य आहे.

५ फेब्रुवारी

मेरुप्रस्तारात, म्हणजे पास्कलच्या त्रिकोणात, विषम संख्येच्या जागी १ आणि समसंख्येच्या जागी ० लिहून प्रत्येक ओळ द्विमान संख्या म्हणून वाचली, तर शून्याव्या ओळीपासून १, ३, ५, १५, १७, ५१ असा क्रम मिळतो. ६३ व्या ओळीतील सर्व ६४ संख्या विषम आहेत, म्हणून ती ओळ स अशी वाचली जाते. कारण असे की फक्त सम-विषम पाहताना (१ + य)^६३ चा विस्तार (१ + य)(१ + य^२)(१ + य^४)…(१ + य^३२) या गुणाकारासारखाच असतो, आणि य च्या जागी २ ठेवताच ११ जानेवारीच्या नोंदीतील फर्मा संख्यांचा गुणाकार जसाच्या तसा समोर येतो. पहिल्या ते एकतिसाव्या ओळींमधून विषम बाजूंच्या सर्व ज्ञात रचनाक्षम बहुभुजांच्या बाजू मिळतात. बत्तिसावी ओळ फ(५) देते आणि तिथे हा संबंध थांबतो.

९ फेब्रुवारी

शेजारच्या संख्या. २^६४ च्या आधीची सर्वांत जवळची मूळ संख्या २^६४ − ५९ आणि नंतरची २^६४ + १३ आहे. स या ७२ अंतराच्या मोकळ्या पट्ट्यात येते.

खरे लक्ष वेधते ती स + २ ही संख्या, म्हणजे फ(६) = १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१७. तिच्यात आणि स मध्ये दोनचाच फरक आहे, परंतु तिच्यासाठी वर्गांतराचे सूत्र उपयोगी पडत नाही. ल्युका यांच्या अटीनुसार तिचे मूळ अवयव २५६क + १ या रूपाचे असतात, आणि त्यांतील लहान अवयव क = १,०७१ ला येतो: २,७४,१७७. क्लाउझेन यांनी १८५५ मध्ये गाउस यांना लिहिलेल्या पत्रात ही फोड आहे, आणि लँड्री यांनी १८८० मध्ये ती स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. दुसरा अवयव ६,७२,८०,४२,१३,१०,७२१ आहे. हा अवयव शोधणे कष्टाचे असले, तरी त्याचा पडताळा दोन ओळींत होतो. २^३२ ला २,७४,१७७ ने भागल्यास बाकी −१५,४०९ घेता येते. १५,४०९ चा वर्ग २३,७४,३७,२८१ आहे, आणि २,७४,१७७ × ८६६ = २३,७४,३७,२८२. म्हणून २^६४ ची बाकी −१, फ(६) ची ०, आणि स ची −२, अर्थात २,७४,१७५.